प्रत्येक डागाला कारण

यंदाच्या अंकाचा विषय 'जुनेपण' असल्याचं संपादकांनी कळवलं आणि वाडे, जुनी पत्रं, पितळी डबे यांच्या आधी मला आठवली ती कर्जत लाइनीवरची तीन शहरं: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. नव्या वस्तूला हाताने जुनं करण्याची विद्या या पट्ट्यात अनेकांच्या अंगात भिनलेली आहे. इथे कोरी जीन्स दुकानात जाण्याआधी गुडघ्यावर विटवली जाते. नुकत्याच जोडलेल्या पलंगाच्या कोरीवकामात जुन्या घराण्याची काळोखी भरली जाते. आणि बदलापूर पूर्वेच्या एका दोन खोल्यांच्या घरात युद्धनौकांच्या मॉडेलांच्या इवल्याशा डेकवर ऊन, खारं पाणी आणि खलाशांची पावलं रंगवली जातात. लेख मुख्यतः या डेकविषयी आहे. पण तो डेक नीट कळायचा तर वाटेत उल्हासनगरला उतरावं लागतं आणि शेवटी कल्याणच्या खाडीपर्यंतही जावं लागतं.

टेबलावरची 'दिल्ली'

ज्यांच्याकडे मी गेलो त्यांचं उभं आयुष्य अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर गेलं. नाव छापायचं नाही, ही त्यांची एकमेव अट. सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणतो. खिडकीशी टेबल, टेबलावर बैठं भिंग, दाढीच्या ब्लेडचे तुकडे, कॅमलिनच्या तैलरंगाच्या पिळून चपट्या झालेल्या नळ्या, आणि मधोमध लाकडी ठोकळ्यावर टेकवलेलं २८ सेंटिमीटरचं जहाज.

किट 'एअरफिक्स'चं, १:६०० प्रमाणातलं, 'एचएमएस एजॅक्स' या ब्रिटिश क्रूझरचं. काकांना मात्र एजॅक्स करायची नाही. त्यांना करायची आहे तिची बहीण 'अकिलीस', आणि तीही तिच्या दुसऱ्या जन्मातली. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, रिव्हर प्लेटच्या लढाईत 'एजॅक्स', 'अकिलीस' आणि 'एक्झिटर' यांनी 'ग्राफ श्पे' या जर्मन जहाजाला गाठलं. न्यूझीलंडच्या खलाशांनी चालवलेली ही 'अकिलीस' ५ जुलै १९४८ रोजी 'दिल्ली' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. १९५६ साली त्याच लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला, तेव्हा तिने पडद्यावर स्वतःचीच भूमिका केली. डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत तिच्या तोफा धडाडल्या. १९७८ मध्ये ती निवृत्त झाली, मग भंगारात निघाली. तिच्या एका तोफेचं घर भारताने न्यूझीलंडला भेट दिलं. ते आज ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर आहे.

एजॅक्सची दिल्ली करायची म्हणजे आधी तोडफोड. मूळ जहाजाला दोन-दोन नळ्यांचे चार तोफमनोरे होते. जानेवारी १९४३ मध्ये ग्वादालकनालजवळ जपानी बॉम्ब पडून 'अकिलीस'च्या मागच्या दोन मनोऱ्यांपैकी वरचा कामातून गेला, आणि पुढच्या दुरुस्तीत तो काढूनच टाकला. म्हणजे भारतात आलेल्या जहाजावर तीनच मनोरे होते. काकांनी चौथा ब्लेडने कापून काढला आहे. तोफा, डोलकाठ्या, होड्या यांची त्यांना घाई नाही. डेक झाल्याशिवाय काहीच चिकटवायचं नाही, हा त्यांचा नियम.

मी भिंगातून वाकून पाहिलं. मागच्या डेकवरच्या फळ्या फिकट मातकट होत्या, पिवळटपणाकडे झुकलेल्या. सागवान एवढं पांढुरकं कसं, असं विचारल्यावर काका म्हणाले, "तुमच्या डोळ्यासमोर कपाटाचं सागवान आहे. हे उन्हातलं आहे."

सागवान करडं कसं होतं

पोलादी जहाजावर लाकूड अंथरण्याचं कारण शोभेचं नव्हतं. उघडा पोलादी पत्रा भर उन्हात पाय ठेवू देत नाही आणि ओला झाला की त्यावरून घसरायला होतं. लाकडामुळे खालच्या दालनांत उष्णता कमी उतरते. लाकडांतही सागवानाला मान, कारण त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात सहज कुजत नाही आणि त्यात बसवलेल्या लोखंडी खिळ्या-बोल्टांनाही फारसं गंजू देत नाही. ओकचं तसं नाही. ओकमधलं आम्ल लोखंड खातं. ब्रिटिश आणि जर्मन नौदलांनी मोठ्या जहाजांवर साग वापरला, जपान्यांनी 'यामातो'वर हिनोकी या सायप्रसच्या जातीच्या फळ्या बसवल्या.

ताजं रंधलेलं सागवान सोनेरी तपकिरी असतं. उन्हातली अतिनील किरणं लाकडाच्या पेशींना धरून ठेवणारं लिग्निन मोडतात. पाऊस आणि लाटा ते मोडलेलं लिग्निन धुऊन नेतात, मागे सेल्युलोजचे तंतू उरतात आणि लाकूड चंदेरी करडं दिसतं. कोकणातल्या कुठल्याही जुन्या दाराच्या पावसाकडच्या बाजूला हे घडताना आपण पाहतोच. युद्धनौकेवर आणखी एक गोष्ट घडते. तिथे डेक रोज घासला जातो. पूर्वी वाळूच्या दगडाचे ठोकळे घेऊन, वाळू आणि पाणी टाकून, खलाशी गुडघ्यांवर बसून फळ्या घासत. करडा थर तयार होतो न होतो तोच खरवडला जाई आणि खालून हाडाच्या रंगाचं स्वच्छ लाकूड वर येई. या घासण्याने फळ्या इतक्या झिजत, की अमेरिकी नौदलाने १९३१ मध्ये दगडाचा सर्रास वापर थांबवण्याचा हुकूम काढला.

म्हणून डेकला एक ठरलेला रंग नसतो. बंदरात झेंडे लावून उभ्या असलेल्या जहाजाचा डेक निराळा, तीन आठवडे समुद्रावर असलेल्याचा निराळा. युद्धकाळात तर घासायला वेळही नसे, आणि वरून विमानाला पांढरा डेक दिसू नये ही चिंता असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सागवानी डेक निळसर करड्या रंगाने माखले. रंगवायला बसण्याआधी जहाज कोणत्या वर्षातलं, कोणत्या समुद्रातलं आणि कोणत्या कामावरचं हे ठरवावं लागतं. काकांनी डिसेंबर १९६१ पक्का केला आहे. पावसाळा सरलेला, ऊन कोरडं, दीवची कारवाई सोडली तर शांततेच्या काळातलं, नीट राखलेलं जहाज. मुंबई बंदरात उभी असताना अशा जहाजांच्या मागच्या डेकवर उन्हासाठी कापडी छत ताणलं जाई. त्यामुळे छताखालच्या फळ्या त्यांनी पुढच्या फळ्यांपेक्षा किंचित उबदार छटेत ठेवल्या आहेत. हा फरक मला त्यांनी बोट ठेवून दाखवेपर्यंत दिसला नव्हता. एकदा दिसल्यावर मात्र तो नाहीसा करता येईना.

जीन्स आणि पलंग

उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना वसवलं, १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं, पण पत्ता सांगताना लोक अजून कॅम्प एक ते कॅम्प पाच असंच सांगतात. कॅम्प चार-पाचच्या गल्ल्यांतून जीन्सची शिलाई चालते. एका गाळ्यात एक तरुण फुगवलेल्या रबरी पायावर पँट चढवून मांडीच्या चुण्यांवर पॉलिश पेपर घासत होता. रेषा कुठे मारायच्या हे कसं ठरवतोस, असं विचारलं तर तो पँट घातल्यासारखा उकिडवा बसून दाखवू लागला. गुडघा वाकला की जिथे घडी पडते तिथेच रेषा. मागच्या खिशावर पाकिटाचा चौकोन, कारण तिथे पाकीट असतं.

ही रेषा घासल्यावर बऱ्याच ठिकाणी पोटॅशियम परमँगनेट फवारतात. त्याने निळीचा रंग उडतो. पुढे धुलाईत प्युमिस दगड टाकून कापड घोळवतात. या धुलाईचं निळं-काळं पाणी वालधुनी नदीने वर्षानुवर्षं पचवलं. प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि शहरातल्या धुलाईच्या कारखान्यांना टाळं लागलं. काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. जीन्स विटवण्यासाठी वाळूचा मारा करण्याच्या पद्धतीने तुर्कस्तानातल्या कामगारांना सिलिकोसिस झाला आणि २००९ मध्ये त्या देशाने ती पद्धत बंद केली. घाईने आणलेल्या जुनेपणाची किंमत कुणीतरी देत असतं. वस्तू विकत घेणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

फर्निचर बाजारातल्या पॉलिशवाल्या मिस्त्रीची पद्धत डेकच्या अधिक जवळची. त्याने माझ्यासमोर एका दिवाणाच्या कोरलेल्या पाठीवर गडद स्टेन फासला, पुरता सुकू न देता फडक्याने पुसला. उंचवट्यांवरचा रंग निघून गेला, खोलगट भागात राहिला. मग कडा आणि हात टेकायची जागा त्याने बारीक पेपरने हलकेच उजळ केली. बाजूच्या पट्टीला हातच लावला नाही. "भिंतीकडची बाजू झिजत नाही, साहेब," एवढंच तो म्हणाला. काका याच बाजारातून सागवानाचे उरलेले तुकडे पिशवीभर घेऊन जातात, आणि तुकड्यांबरोबर असं काहीबाही ज्ञानही.

दोन दशांश मिलिमीटर

काकांच्या हिशेबाने खऱ्या जहाजावरची फळी पाच इंच रुंद, म्हणजे १२७ मिलिमीटर. १:२०० प्रमाणात ती ०.६ मिलिमीटर होते, १:३५० मध्ये ०.३६, आणि १:६०० मध्ये जेमतेम ०.२. दोन फळ्यांमधली काथ्या आणि डांबर भरलेली काळी फट खऱ्या जहाजावर बोटाएवढीही रुंद नसते. १:६०० मध्ये ती डोळ्याला दिसायलाच नको. तरी बाजारातल्या बहुतेक मॉडेलांवर फळ्यांच्या रेघा काळ्याकुट्ट असतात. काका आधी त्या रेघा बुजवतात.

त्यांचा क्रम असा. प्लास्टिकवर करडं प्रायमर, त्यावर फिकट मातकट रंगाचे पातळ हात. ते वाळले की त्याच रंगात पांढरा, पिवळा गेरू किंवा करडा कणभर मिसळून चार-पाच छटा. मग चिकटपट्टीच्या केसासारख्या कातरणी लावून इकडेतिकडे निवडक फळ्या वेगवेगळ्या छटांनी उचलायच्या. सलग दोन शेजारी एका छटेत नकोत, पण बुद्धिबळाचा पटही व्हायला नको. काही फळ्यांवर ते टोकदार रंगीत पेन्सिल फिरवतात, कारण पेन्सिलीचा मेणचट दाब कुंचल्यापेक्षा ताब्यात राहतो. मग तुळतुळीत वार्निशचा एक हात. त्यावर टर्पेंटाइनमध्ये 'रॉ अंबर' आणि थोडा करडा तैलरंग इतका पातळ करून सोडायचा, की पाणी गढूळ वाटावं. तो रेघांमध्ये आपोआप धावतो. पंधरा-वीस मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये भिजवून जवळपास कोरडा केलेला कुंचला फळीच्या लांबीच्या दिशेने फिरवून जास्तीचा रंग काढायचा. आडवा कधीच नाही. शेवटी मॅट वार्निश.

सगळ्यात अवघड काम थांबण्याचं. १:६०० चं मॉडेल हातभर अंतरावरून पाहणं म्हणजे खरं जहाज तीन-चारशे मीटरवरून पाहणं. तेवढ्या अंतरावर हवेमुळे गडद रंग फिके दिसतात, फिके मळकट होतात आणि दोन फळ्यांतला फरक जवळजवळ मिटतो. म्हणजे सागवानाचा खरा तुकडा शेजारी ठेवून हुबेहूब रंग जुळवला, तरी मॉडेलवर तो भडक दिसणार. काका रंग जुळवून झाल्यावर त्यात पांढऱ्यापेक्षा करडा घालून तो मुद्दाम एक पायरी खाली उतरवतात. भिंगातून काम करतात, पण निर्णय दाराच्या चौकटीत उभं राहून घेतात. या शिस्तीमुळेच त्यांची जहाजं मोठी वाटतात. मी इतरत्र पाहिलेली अनेक मॉडेल्स कारागिरीत कमी नाहीत, पण प्रत्येक फळी ओरडून सांगते की मी रंगवलेली आहे.

गंजाच्या बाबतीत तर ते कठोरच आहेत. लाकूड गंजत नाही. तांबूस ओघळ आला तर तो कुठल्या लोखंडातून आला हे सांगता आलं पाहिजे: नांगराचं यंत्र, दोर बांधायचे खुंट, पाणी निघायची भोकं. साखळीखालून लाकडावर गंज दाखवणाऱ्यांचा त्यांना विशेष राग, कारण अशा जहाजांवर नांगराची साखळी लाकडावरून नेतच नसत. तिच्यासाठी पोलादी पत्रा बसवलेला असे. शिवाय शांततेच्या काळात गंजाचा डाग दिसला की कुणीतरी तो त्याच दिवशी घासणार. म्हणून काकांच्या 'दिल्ली'वर आहेत त्या वेगळ्याच खुणा: शिडीच्या पायथ्याशी किंचित मळलेली जागा, होड्या उतरवण्याच्या यंत्राखाली तेलाचा हलका काळपटपणा, आणि धुराड्याच्या मागच्या बाजूला दिसेल न दिसेल अशी काजळी.

खरं लाकूड आणि बदलापूरचा पाऊस

आता १:३५० च्या किटांसाठी लेसरने कापलेला, मागे गोंद असलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा विकत मिळतो. काकांकडे 'एचएमएस हूड' आहे, पाऊण मीटर लांब, तिच्यासाठी त्यांनी असा डेक मागवला. खरं लाकूड म्हटल्यावर रंगवायची गरजच काय, असं वाटतं. पण पापुद्र्याच्या लाकडाचे रेषे १:३५० च्या मानाने ढोबळ असतात आणि सगळ्या फळ्या एकाच शिरेच्या, एकाच रंगाच्या. त्यालाही छटा द्याव्याच लागतात. त्यात पाण्यातला रंग वापरला की पापुद्रा वळतो. म्हणून स्पिरिटमधला रंग, पेन्सिल किंवा तैलरंगात बुडवलेलं बोटभर कापड.

मग बदलापूरची हवा. उल्हास नदीचं पाणी २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान रुळांवर आलं, महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना काढायला नौदलाचीही पथकं आली. इथला पाऊस असा आहे. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, गोंद सुटतो, आणि दमट हवेत फवारलेल्या वार्निशवर पांढुरकी साय धरते. काका पावसाळ्यात कापाकापी आणि जोडकाम करतात, रंगाला हात लावतात ते दसऱ्यानंतरच. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या देतात. काकांच्या टेबलावर कामाचा हंगाम तेव्हाच सुरू होतो.

खाडीकडे

या तीन शहरांना समुद्र दिसत नाही, पण उल्हास नदी बदलापूरवरून उतरत कल्याणच्या खाडीला मिळते आणि तिथे जहाजबांधणीच्या इतिहासाशी थेट गाठ पडते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली आणि पुढच्या दोन वर्षांत याच खाडीवर मराठ्यांच्या आरमाराच्या नौका बांधायला सुरुवात झाली. कामावरच्या पोर्तुगीज कारागिरांना त्यांच्या सरकारने मध्येच काढून नेलं, तरी काम थांबलं नाही. आज दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकाठी नौदलाची निवृत्त 'टी-८०' ही वेगवान गस्तनौका आणून ठेवली आहे.

काकांचं पुढचं काम मराठ्यांचा गुराब, म्हणजे त्यांच्या आरमारातलं शिडाचं लढाऊ जहाज, १:७२ प्रमाणात. या प्रमाणात पाच इंची फळी पावणेदोन मिलिमीटरची होते, काडेपेटीच्या काडीपेक्षा किंचित बारीक. अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना होता. काकांचं पहिलं जहाज शाळेत असताना काड्यांचंच झालं होतं. आता ते हेदूचं लाकूड घेणार आहेत. पूर्वी फण्या आणि बॉबिनी ज्याच्या होत, ते हेदू बारीक पोताचं आणि फिकट पिवळं असतं, लहान प्रमाणात सागापेक्षा अधिक सागासारखं दिसतं. त्याला करडेपण आणायला त्यांनी बाटल्यांचे प्रयोग मांडून ठेवलेत. एका बाटलीत व्हिनेगरमध्ये विरघळलेली लोखंडी घासणी, दुसऱ्यात पानाच्या गादीवरचा कात उकळलेलं पाणी. आधी काताचं पाणी, वाळल्यावर लोखंडाचं. कातातलं टॅनिन आणि लोखंड यांची गाठ पडली की लाकूड डोळ्यांदेखत करडं होत जातं. मी तिथे असताना एका पट्टीवर हे झालं. मिनिटभरात पिवळं लाकूड पावसातल्या कौलाखालच्या वाशासारखं झालं. काका मात्र नाखूश होते. कोकणातल्या नौका माशाच्या तेलाने माखत. तेल पाजलेलं लाकूड करडं पडण्याऐवजी काळपट तपकिरी होतं. इंग्रजी क्रूझरचा घासलेला डेक गुराबावर चालणार नाही, असं त्यांचं मत आहे आणि मला ते पटतं.

साग आणि युद्धनौका यांचं नातं मुंबईने जगाला दाखवलं ते मराठ्यांच्या या आरमारानंतर. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत ब्रिटिश नौदलासाठी मलबारी सागाची जहाजं बांधली. इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा होता आणि साग त्याला पुरून उरत होता. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस'वर झाला, ती मुंबईची. १८२७ मध्ये नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापती ज्या 'एशिया'वर होता, तीही मुंबईची. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, अजून तरंगते आहे. आपल्याकडे मात्र सागवानी डेकवर पाय ठेवायचा तर 'तरंगिणी'सारखं शिडाचं प्रशिक्षण जहाज गाठावं लागतं. बाकीच्या युद्धनौकांवर पोलाद आणि त्यावर पाय न घसरू देणारा खरखरीत रंग.

नौदल सप्ताहात मुंबईत काही जहाजं लोकांसाठी उघडतात, तेव्हा काका पहिल्या रांगेत असतात. लोक तोफा आणि हेलिकॉप्टर पाहतात. काका खाली पाहत चालतात आणि खिशातल्या वहीत टिपतात: शिडीच्या कोणत्या पायरीचा रंग गेला आहे, दाराशी उजव्या बाजूला झीज जास्त की डाव्या, पाणी कुठे साचून वाळलं. मागच्या खेपेच्या पानावर त्यांनी एका दोर बांधायच्या खुंटाभोवतीची झीज काढली आहे. दोर येतो त्या दिशेला रंग पार गेलेला, उलट बाजूला जवळपास कोराच. 'दिल्ली'चे खुंट त्यांनी तेव्हा चारी बाजूंनी सारखे झिजवले होते. ते आता पुन्हा रंगवायला घेतले आहेत.